सिपोरामावशीच्या मुलाचं नाव

हे मी कुणाजवळही बोललेलो नाही. सभेत, पत्रकात, मित्रांच्या वादात मी पुष्कळ बोलतो — हे सोडून.

आमचं घर ठाण्याचं, बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू. पण बाबा कट्टर विवेकवादी. गोष्टींच्या पुस्तकांआधी मी अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं वाचली. कबरीपाशी मागणं मागणारा माणूस स्वतःलाच फसवतो, असं मी तेव्हा म्हणायचो, आजही म्हणतो. त्यातला शब्दही मागे घेत नाही. मग कबूल काय करायचंय?

२००५ साली मी न्यू जर्सीत सिपोरामावशीकडे राहत होतो. तिचा डॅनियल रक्ताच्या कॅन्सरने हॉस्पिटलमध्ये होता. ज्यूंचं नवं वर्ष तोंडावर आलेलं. त्या दिवसांत न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या एका थोर रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, कबरीवर रीघ लागते. मावशीला मी गाडीने नेलं, पण तिच्या गुडघ्यांनी तिला उतरू दिलं नाही.

"तू जा. 'डॅनियल बेन सिपोरा' एवढंच म्हण. आजाऱ्याचं नाव आईच्या नावासकट घेतात."

मी तोंड वाकडं केलं.

"देव मानू नकोस रे, पण पाय आहेत ना तुला? जीभ तर दिवसभर चालूच असते!"

गेलो. लोक चामड्याचे बूट काढून कापडी चपला घालत होते, दारावर टकटक करून आत शिरत होते — जणू आत कुणी जागं आहे. माझी पाळी आली. मी बूट काढले — आणि पुन्हा घातले. तत्त्वासाठी? नाही. आत गेलो तर ते नाव मी मनापासून घेईन, याची भीती वाटली.

तत्त्वाचा माणूस गाडीपाशी येऊन "नाही घेतलं" म्हणाला असता. मी म्हणालो, "घेतलं, मावशी. मोठ्याने." तिने माझा हात आपल्या डोळ्यांना लावला.

डॅनियल बरा झाला. केमोने — हे मी छातीठोकपणे सांगेन. पण मावशी सगळ्यांना सांगते, आमच्या भाच्याने नाव घेतलं म्हणून. तिचं ऐकून दोघी-तिघी आपल्या आजारी माणसांसाठी तिकडे जाऊन आल्या. चमत्कार खोटा आहे हे नुसतं मानणारे पुष्कळ. पक्कं ठाऊक असलेला एकटा मी. आणि मी गप्प. ज्या बुवांविरुद्ध पत्रकं वाटली, ते याहून वेगळं काय करतात?

दर नव्या वर्षाला मावशी गव्हाच्या चिकाचा हलवा करते. पहिली वडी डॅनियलच्याही आधी माझ्या हातावर ठेवते.

मी खातो.