कडक खळीची कॉलर

लाँड्रीवाल्या मावशीला बेकरीवाला डोळ्यांसमोर नको असे, आणि तो मेला सदा डोळ्यांसमोरच. तिच्या गच्चीवर कपड्यांच्या दोऱ्या, शेजारच्या छपरावर त्याचं धुराडं. गल्लीत देऊळ, मशीद आणि चर्च एकमेकांना खेटून उभी होती. मशिदीच्या चादरी, चर्चचे पडदे, देवाची वस्त्रं, सगळं मावशीकडेच धुवायला येई आणि एकाच दोरीवर वाळे. माणसं भांडत ती नळावरून, कचऱ्यावरून, कोंबड्यांवरून. देवांना त्यात कुणी ओढत नसे.

मावशीचं वैर मात्र असलं किरकोळ नव्हतं. लेकीच्या लग्नाच्या सकाळी नवरदेवाचा पांढराशुभ्र पोशाख तिने स्वतःच्या हाताने धुऊन वाळत घातला होता. बेकरीवाल्याला बजावलं होतं, "आज दुपारपर्यंत भट्टी पेटवू नकोस." त्याने मान डोलावली आणि भट्टी पेटवली. पोशाखावर काजळी बसली ती बसलीच. विहीणबाई भर पाहुण्यांत म्हणाल्या, "आई लाँड्रीवाली, आणि हे असलं धुणं!" लेकीला आता दोन मुलं आहेत, तरी सासरी भांड्याला खरकटं राहिलं की तेच वाक्य बाहेर निघतं. माहेरी आली की ती रडते, आणि मावशी धुराड्याकडे बघून बोटं मोडते.

उट्टं ती आपल्या परीने काढतच होती. बेकरीवाल्याचा मशिदीत जायचा सदरा तिच्याकडे येई. त्याच्या कॉलरला ती अशी कडक खळ घाली, की मान वळवायला त्याला अख्खं अंग वळवावं लागे. तो तिला हटकून करपलेला पाव देई. ती तो चहात बुडवून खाई आणि वर शिव्या देई.

अशात गल्लीत एक गोडबोल्या येऊ लागला. पुढारी व्हायला निघालेला, तोंडात साखर, अंगात मावशीच्याच इस्त्रीचा सदरा.

"मावशी, तो देवाच्या वस्त्रांवर मुद्दाम काजळी पाडतो, एवढंच चार लोकांत म्हणा," तो म्हणाला. "पुढचं आमची मुलं बघतील. भट्टीची वीटसुद्धा राहणार नाही."

मावशीच्या हातातली इस्त्री थांबली. धुराडं नसलेलं छप्पर तिला लख्ख दिसलं. इतकी वर्षं मागितलेलं कुणीतरी ताटात वाढून आणलं होतं. खोटं बोलायचं तिला काही जड नव्हतं. गिऱ्हाइकांना "उद्या देते" असं ती रोजच सांगे.

"उद्या ये," ती त्यालाही म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो तरुणांचं टोळकं घेऊन आला. गल्ली गोळा झाली. बेकरीवाला पिठाच्या हातांनी दारात उभा राहिला, त्याचा चेहराही पांढराफटक पडलेला. मावशीने देवाचं वस्त्र, चादर आणि पडदा दोरीवरून ओढून आणले आणि सगळ्यांसमोर धरले. तिन्हींवर काजळी होती.

"हा नालायक आहे," ती म्हणाली. "एक नंबरचा नालायक! पण कुणालाच सोडत नाही. स्वतःच्या मशिदीची चादरसुद्धा सोडली नाही मेल्याने!"

गल्लीत हशा पिकला, टोळक्यातलेही दोघंतिघं हसले. मावशी हसली नाही. ती गोडबोल्याकडे वळली.

"माझं भांडण माझ्या लेकीपायी आहे. मी ते पोटच्या पोरासारखं वाढवलंय. आणि तू आयत्या बिळावर नागोबा होणार? चालता हो!"

तो गेला. त्याचे धुवायला आलेले सदरे तिने बरोबर धुराड्याच्या तोंडाशी वाळत घातले.

संध्याकाळी बेकरीवाला मऊ, ताजे पाव घेऊन आला.

"ताई, उपकार झाले."

"उपकार डोंबलाचे! तुझी भट्टी त्यांनी पाडली असती, तर मी सूड कशाचा घेतला असता? उद्या माझ्या लेकीच्या सासरी जायचं. विहीणबाईंसमोर उभं राहून सांगायचं, बजावूनही भट्टी मी पेटवली, धुण्यात खोट नव्हती."

"ताई, इतक्या वर्षांनी? त्या बाईसमोर? दुसरं काहीही सांगा."

"दुसरं काही नकोच आहे मला."

त्याने मान डोलावली.

"डोलावू नकोस. तेव्हाही डोलावली होतीस."

"जातो," तो हळूच म्हणाला.

मावशीने त्याचा सदरा पुढे टाकला. सवयीने त्याने कॉलर चाचपली. ती मऊसूत होती.

"खळ घालायला विसरलात?"

"विसरते कसली! उद्या मान खाली घालायचीय तुला. नीट घालता आली पाहिजे."