जगदेवरावांचा नापास लेप

शिंदे की छावनी या मोहल्ल्यात कुणाचा गुडघा फुटला की आधी जगदेवरावांच्या दाराची कडी वाजायची, दवाखान्याची आठवण नंतर. सारी हयात शाळेत पीटी मास्तर म्हणून गेली आणि निवृत्तीनंतरही आवाज कवायतीचाच राहिला. निंबाचा पाला, हळद, तिळाचं तेल आणि एक मुळी, जिचं नाव ते बायकोलाही सांगत नसत, असा घराण्याचा लेप बरणीत मुरत असे. पणजोबांनी तो फौजेतल्या घोड्यांना लावला, आजोबांनी माणसांना.

"घोड्यांनी कधी तक्रार केली नाही," एवढंच त्यांच्या पत्नी मंदाताई म्हणत.

पुतणी हेमांगी मायक्रोबायॉलॉजीत एमएस्सी करत होती. घरगुती औषधांनी जिवाणू मरतात का, हे तपासायचा तिचा प्रोजेक्ट. तिनं लवंग घेतली, निंब घेतला. काकांचा लेप मात्र मागितला नाही. ते जगदेवरावांना लागलं. बरणी फडक्यात बांधून ते टेम्पोनं थेट तिच्या कॉलेजात पोचले.

"काका, रहने दो ना," हेमांगी म्हणाली.

"घाबरू नकोस. लेप पास होईल, तू तुझं बघ."

तिनं काचेची झाकणाची बशी दाखवली. तळाशी जेलीसारखं अन्न, त्यावर जखमेत पू करणारे जिवाणू पसरलेले. "यात भोकं पाडून औषधं भरायची. औषध चाललं, तर उद्या त्याच्याभोवती साफ गोल कडं दिसेल."

दुसऱ्या दिवशी जगदेवराव इस्त्रीचा सदरा घालून, मंदाताईंना आणि पेढ्यांच्या डब्याला घेऊन हजर झाले. दुकानातल्या अँटिबायोटिकभोवती मोठं कडं होतं, लवंगेभोवती बरं, निंबाभोवती जेमतेम. लेपाभोवती कडं नव्हतंच. उलट हिरवट, बुळबुळीत काहीतरी माजलं होतं.

"हा मुळीचा रंग ना?" त्यांनी आशेनं विचारलं.

"नाही काका. हे दुसरेच जिवाणू आहेत. बरणीतूनच आलेत."

मंदाताईंनी पेढ्यांचा डबा हळूच पदराखाली घेतला.

जगदेवरावांनी पुन्हा तपासायला लावलं. निकाल तोच. मग मात्र त्यांना जेवण गोड लागेना. आजवर बांधलेले सगळे गुडघे, टाचा, कोपरं डोळ्यांपुढे यायची. "मी लोकांच्या जखमांत काय भरत होतो गं?"

"माणसं चिवट निघाली," मंदाताई म्हणाल्या. "आता बरणी लोणच्याला घेऊ?"

"मुळीच नाही."

त्यांनी बरणीच टाकून दिली आणि दारोदार जाऊन लेप बंद झाल्याचं सांगितलं. लोक ऐकायलाच तयार नाहीत. शेजारचे मुकुंदराव म्हणाले, "मशीन खराब असणार." समोरच्या उषाताईंनी तर शास्त्रच मांडलं: "कॉलेजातले जंतू वेगळे, आपल्या छावनीतले वेगळे. आपल्यांना लेपाची सवय आहे."

आठवडाभरात त्याच उषाताई विळीनं कापलेलं बोट धरून दारात उभ्या राहिल्या. जखम वरवरची होती. जगदेवरावांनी त्यांना नळाखाली उभं केलं, साबणानं बोट नीट धुतलं, स्वच्छ पट्टी बांधली आणि बजावलं, "दुखायला लागलं, सुजलं, तर सरळ डॉक्टर." पुढच्या माणसाची जखम खोल होती, त्याला त्यांनी स्वतः रिक्षात बसवून दवाखान्यात नेलं.

बोट सुरेख भरलं. दवाखान्यात नेलेला माणूसही बरा झाला. झालं, छावनीत बातमी पसरली की जगदेवरावांनी नवा लेप काढलाय, लावला तरी दिसत नाही. आता पलीकडच्या जयेंद्रगंज मोहल्ल्यातूनही लोक येऊ लागले.

"अहो, साबण आहे तो," जगदेवराव कवायतीच्या आवाजात सांगत. "साधा, वाण्याकडचा साबण."

उषाताई समजूतदारपणे मान हलवत. मग इकडेतिकडे पाहून हलक्या आवाजात विचारत, "कळलं हो. पण त्यात मुळी कुठली घालता?"