पंखाघरातले नरसिंहराव

१९५३ साली नरसिंहराव झरियाकडची नोकरी सोडून कुंभकोणमला परत आले. एका कोळशाच्या खाणीत ते पंखाघराचे फिटर होते. कोळशातून सुटणारा मिथेन वायू आत साठू नये म्हणून तो ओढून बाहेर फेकणारा मोठा पंखा त्यांच्या ताब्यात असे. एके दिवशी मॅनेजरनं दुरुस्तीसाठी पंखा थांबवायला सांगितलं. खाली माणसं होती. नरसिंहरावांनी तसं बोलून दाखवलं, पण हुकूम बदलला नाही. त्यांनी पंखा थांबवला. स्फोटात नऊ जण गेले. त्यांतला सुब्रह्मण्य कुंभकोणमजवळच्या तिरुवलंचुळीचा. त्याला तिथं नोकरीला नरसिंहरावांनीच नेलं होतं.

घरी त्यांना बसवेना. जेवता जेवता उठत. स्वामिमलैपर्यंत चालत जात. तिरुवलंचुळी तिथून जवळच, पण तिकडं न वळता परत येत.

“कुठं जाऊन येता?” बायको विशालाक्षी विचारी.

“कुठं नाही.”

मग वाचनालयात एका इंग्रजी मासिकात त्यांनी वाचलं, की विलायतेत काही खाणींतला हा वायू कोळशातूनच नळ्यांनी काढून घेतात आणि जाळून कामाला लावतात. त्या दिवसापासून त्यांनी कागदांवर आकृत्या काढायला घेतल्या. शेणाच्या खड्ड्यातही तोच वायू होतो, हे कळल्यावर शेजारच्या सुंदरपेरुमाळ कोयिल गावच्या चंद्रमौलींच्या गोठ्यामागं त्यांनी खड्डा खणला, वर लोखंडी पिंप पालथं घातलं आणि नळी चंद्रमौलींच्या पाण्याच्या इंजिनाला जोडली. दोन महिने इंजिन खोकत राहिलं. एका सकाळी ते चाललं, त्याला जोडलेला डायनामो फिरला आणि गोठ्यात दोन दिवे लागले. चंद्रमौलींनी गावाला पेढे वाटले. नरसिंहराव मात्र हात पुसून तडक तिरुवलंचुळीला गेले.

सुब्रह्मण्याची आई मीनाक्षीबाई सुपात तांदूळ निवडत होती. त्यांनी सगळं सांगितलं: पंखा, हुकूम, नळ्या, दिवे.

“तो वायू आधीच काढून घेतला असता, तर माझा मुलगा राहिला असता?”

“राहिला असता, बहुधा. पण मी पंखा थांबवला नसता, तरीही राहिला असता.”

तिनं सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, “हे मला दोन वर्षांपूर्वी सांगायचं होतंस. आता जा. पुन्हा येऊ नकोस.”

महिनाभरानं ते आकृत्या घेऊन झरियाला निघाले. विशालाक्षीनं डबा बांधून दिला, अडवलं नाही. दुसऱ्या एका खाणीच्या मॅनेजरनं दहा मिनिटं ऐकून घेतलं, कागद खणात ठेवले आणि विचारलं, “वायू तपासायला माणूस हवाय. राहता?”

ते राहिले. अकरा वर्षं रोज सकाळी पाळी उतरण्याआधी तपासणीचा दिवा घेऊन ते एकटे खाली जात, वायू असला की ज्योतीवर निळी झाक चढते, ती दिसते का बघत. दिवाळीला घरी आले, तरी तिसऱ्या दिवशी परतीची गाडी विचारू लागत. त्या खाणीत वायूवर वीज झाली नाही. कागदांचं काय झालं, ते त्यांनी दरवर्षी विचारलं.