बंदुकीचा वाटा

कतारमधल्या उम्म सलाल मोहम्मद या गावातल्या एका मळ्यावर दर शुक्रवारी आम्ही तिघं मराठी माणसं जमायचो आणि बंदुकीवरून भांडायचो. सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी पुण्याहून आलेला इंजिनियर. कॉलेजात एनसीसीत रायफल हातात आली, तेव्हापासून निशाणेबाजीचं वेड लागलेलं. दुसरे साताऱ्याकडचे निवृत्त सुभेदार, आमच्याच कंपनीत सिक्युरिटी सांभाळणारे. तिसरा मालवणकडचा, कंपनीचा ट्रेलर चालवायचा. गावी असताना डुकराच्या शिकारीला जायचा. मळा एका म्हाताऱ्या कतरी गृहस्थाचा. लहानपणी मोत्यांच्या व्यापारापायी तो बापाबरोबर मुंबईत राहिला होता, त्यामुळे हिंदी आमच्यापेक्षा झोकात बोलायचा. त्याच्याकडे एक पॉइंट टू-टू रायफल, एक दुनळी बंदूक आणि हातावर बसणारा ससाणा होता. बंदुका त्याच्या, गोळ्या त्याच्या, जेवणही त्याचंच. आमचं काय ते भांडण.

भांडणाला विषय लागत नसे. सुभेदार बंदुकीला इतकं तेल पाजायचे की वाळू येऊन चिकटायची. ड्रायव्हर ते सगळं फडक्याने पुसून काढायचा. त्याच्या मते खोबरेलाचं एक बोट फिरवलं की पुरे. मी दोघांनाही शहाणपण शिकवायला जायचो. श्वास रोखून मी कागदाला भोकं पाडत बसलो की ड्रायव्हर गालातल्या गालात हसायचा. कागद पळत नाही, अंगावर येत नाही, मग एवढा घाम कशाला, असं त्याचं म्हणणं. मला त्याची शिकार म्हणजे मटणासाठी केलेली धांदल वाटायची. सुभेदारांच्या लेखी आम्ही दोघंही चैनखोर. ज्याने पोटासाठी बंदूक वागवली त्याला तिचं कौतुक नसतं, असं ते सुनवायचे आणि मग तासभर तिचंच कौतुक करायचे.

जेवण एकाच मोठ्या थाळ्यात असायचं, भात आणि वर मटण. सगळे भोवती बसले की ड्रायव्हर न चुकता एक तुकडा बशीत काढायचा आणि ती बशी भिंतीला टेकवलेल्या दुनळीजवळ नेऊन ठेवायचा. त्यांच्या गावात शिकारीचे वाटे पडतात. आरडाओरडा करत जनावर उठवणाऱ्या हाकेवाल्यांना एकेक, कुत्र्यांना त्यांचा आणि बंदुकीला तिचा स्वतःचा. दुनळीला हाडं चावतील का, म्हणून सुभेदार चिडवायचे. मीही हसायचो. म्हातारा मात्र हसला नाही. त्यांच्यातही शिकार झाली की पहिला घास ससाण्याला जातो, माणसांचं नंतर, असं त्याने सांगितलं. त्या दिवसापासून रिकामी बशी तोच ड्रायव्हरपुढे सरकवू लागला.

बशीमागे काय आहे ते मला उशिरा कळलं. ड्रायव्हरच्या घरी ठासणीची बंदूक होती, पिकाच्या राखणीसाठी बापाच्या नावावर परवाना असलेली. बाप थकला होता, पण ती बंदूक खांद्याला लावून अजून रानात जायचा. बंदूक निघाली की तिचा वाटा घरी यायचाच. हे सांगताना ड्रायव्हरचा चेहरा उजळला होता. "मी थंय नसलंय तरी माझो वाटो घराक येता," तो म्हणाला. मला त्याचा हेवा वाटला. पुण्यात माझ्या नावाने कोणी काही वेगळं काढून ठेवत नव्हतं.

मग बाप गेला. पोलिसांनी बंदूक ठाण्यात जमा करून घेतली. मुलाने स्वतः येऊन परवाना नावावर करून घ्यावा, नाहीतर बंदूक सरकारजमा. इकडे याच्या रजेला अजून बराच अवकाश आणि पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. त्या शुक्रवारी आम्ही भांडलो नाही. दुसऱ्या दिवशी सुभेदार, मी आणि म्हातारा दोह्यात अल सद्दला कंपनीच्या ऑफिसात मॅनेजरसमोर जाऊन उभे राहिलो. हत्यार बेवारस ठेवता येत नाही, हे सुभेदारांनी छाती काढून सांगितलं. मी ट्रेलरच्या पाळ्या कशा लावता येतील ते समजावलं. म्हातारा नुसता खुर्चीत बसून राहिला आणि उठायचं नाव घेईना. शेवटी मॅनेजरने रजेवर सही केली. "खलास," म्हणत म्हातारा उठला. परतताना गाडीत आम्ही लढाई जिंकल्यासारखे बडबडत होतो. बंदूकवाले सगळे शेवटी एकच, असं मीच म्हणालो, आणि त्या दिवशी मला ते मनापासून पटलं होतं.

रजा संपवून तो आला तो तोंड उतरवून. मळ्यावर बसल्यावर त्याने थोडक्यात सांगितलं. परवान्याच्या साहेबाने त्याचा टेरिलीनचा शर्ट पाहिला, पासपोर्ट चाळला आणि एकच विचारलं: "तुम्ही कतारला असता, मग पिकाची राखण कोण करतं?" बायको करते, असं हा बोलून गेला. साहेब हसला आणि त्याने अर्ज बाजूला ठेवला. बंदूक ठाण्यातच राहिली.

आता गावीच राहणार, असं खोटं बोलायला हवं होतंस, मी म्हणालो. खरंच राहायला हवं होतंस, सुभेदार म्हणाले.  त्यावर त्याने एवढंच सांगितलं की रजेत एकदा शिकार झाली, तेव्हा तो हातात काठी घेऊन हाक्याला गेला होता. हाकेवाल्याचा वाटा मिळाला. आता तो इकडे आल्यावर घरी तोही वाटा नाही.

जेवण आलं. म्हाताऱ्याने सवयीने बशी पुढे सरकवली. ड्रायव्हरने तिकडे पाहिलंही नाही. कोणीच थाळ्यात हात घालेना. मग इतकी वर्षं चिडवत आलेल्या सुभेदारांनीच एक चांगला तुकडा निवडून बशीत ठेवला आणि गुडघ्यावर हात टेकून ते दुनळीकडे जायला उठले.

"रवांदे, सुभेदारानू," ड्रायव्हर म्हणाला. "वाटो बंदुकीचो नसता, घराचो असता."

त्याने त्यांच्या हातातून बशी घेतली, तुकडा पुन्हा भातावर ठेवला आणि आम्हाला जेवायला सांगितलं.