सुतळीचा पीळ

चहा येईपर्यंत डॉक्टर खिशातून वीतभर सुतळी काढत, तिची दोन्ही टोकं जुळवून चिमटीत पिळत आणि म्हणत, "असा एक पीळ बसला, की संपलं." असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. बोलणं कुठूनही निघो, त्याची गाडी आपल्याच फाट्याला वळते.

राहुरीच्या कृषी विद्यापीठात ते कोंबड्यांच्या विषाणूंवर काम करत. मी पशुसंवर्धन खात्यातला, लस टोचणारा. मला सांगत, "बर्ड फ्लूचा आरएनए म्हणजे ही सुतळी. टोकाला टोक बिलगलं, की तिथंच नकला निघायला लागतात. एकाच्या हजार. ते टोक बिलगूच द्यायचं नाही, एवढंच शोधायचंय."

"मग शोधा की लवकर," मी म्हणायचो. ते हसायचे.

एका वर्षी उसातल्या एका वस्तीवर हाच रोग निघाला. माणसं कमी पडली म्हणून डॉक्टर आपणहून आले. अंगभर पांढरे पोशाख घालून आम्ही दिवसभर कोंबड्यांच्या माना मुरगळल्या. सुतळी पिळणारी तीच बोटं. ते दोनदा ओकले. खड्ड्यात टाकलेल्या काही पोत्यांत अजून फडफड चालू होती.

शेवटच्या घरी म्हातारी मुसळ घेऊन उभी. "माझ्या कोंबड्यांना काय बी झालं न्हाई," म्हणत तिनं डॉक्टरांच्या दंडावर हाणलं. तिच्यासमोरच आम्ही अकरा कोंबड्या मारल्या. निघताना चुलीमागच्या पालथ्या पाटीखाली खुडखुड झाली. मी वळलो, तर डॉक्टरांनी माझा हात धरला.

"राहू द्या एक."

"अहो, तुम्हीच म्हणता ना, एक पीळ..."

"राहू द्या हो."

मी राहू दिली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

म्हातारीनं ती कोंबडी पिशवीत घालून लेकीच्या गावी पोचवली. चौथ्या दिवशी तिथल्या कोंबड्या पटापट मरायला लागल्या. पुन्हा पोशाख, पुन्हा खड्डा, या वेळी सगळं गाव. जावयाच्या दगडानं डॉक्टरांचं कपाळ फुटलं. रक्त डोळ्यात उतरत होतं तरी ते मुरगळत राहिले. लेकीच्या घरात शेवटी एक पिल्लू उरलं, तळहातावर मावेल एवढं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान वळवली. चिवचिव थांबली.

पुढच्या महिन्यात ते नोकरी सोडून गेले. कुठं गेले, कुणाला सांगितलं नाही. लोक म्हणतात, ती कोंबडी सोडली तिथं डॉक्टर चुकले. माझं तेव्हा डोकं फिरतं. त्या दिवशी माझा हात त्यांनी दोन बोटांनी धरला होता. सोडवून घेणं अवघड नव्हतं.

त्यांच्या टेबलाच्या खणात सुतळी सापडली. तिचं सूतन् सूत उकलून ठेवलं होतं.