आईला ऐकू आलेला अटॅक

घर सोडलं त्या सकाळी आईने सुकटीचा डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि रिक्षावाल्याला बजावलं, "हलू चालव, पोरगी पयल्यांदाच चाललीय." उरणच्या खाडीकाठच्या आमच्या कोळीवाड्यापासून पनवेल ते किती लांब! पण तुम्ही गल्लीतले सगळे असे रडत होतात, जशी काही मी दुबईलाच निघाले होते.

पनवेलशेजारच्या विचुंब्याला नवव्या मजल्यावर भाड्याची खोली मिळाली, पनवेलच्या एका लॅबमध्ये रक्त घ्यायची नोकरी. दिवसभर लोकांना "घाबरू नका" म्हणत सुई टोचायची. एका दुपारी, समोर पेशंट बाही वर करून बसलेला असताना, मीच घाबरले. कारण काही नाही. छाती धडधडू लागली, हातांना मुंग्या आल्या, आता मरतेच असं वाटलं. पंधरा मिनिटांत ओसरलं. डॉक्टर म्हणाले, पॅनिक अटॅक. हृदय ठणठणीत आहे. मग ते सिग्नलला, लिफ्टमध्ये, कुठेही यायला लागलं. श्वास सावकाश सोडायला शिकले, तरी लिफ्ट टाळून जिनेच चढायचे. घरी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आईने मला परत नेलं असतं, आणि खरं सांगते, मी गेलेही असते.

एकदा फोनवर तोंडातून निघून गेलं. आईने पॅनिक सोडून दिलं, अटॅक तेवढा ऐकला. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात आई, मावशी आणि अर्धी गल्ली, शहाळ्यांसकट! "आगो, ही तं उभी हाय!" मावशी जवळजवळ नाराजच झाली. तेव्हा मी तुमच्यावर चिडले होते. चुकलंच माझं.

तुम्ही गेल्यावर आईला सगळं समजावलं. आता "चल घरी" म्हणणार, अशी खात्रीच होती.

"जीव घाबरा होतो, असा सांगायचा ना," ती म्हणाली. "त्यात लाजायचा काय? चल, कामावर जा. मी येतंय खालपर्यंत."

वर येताना ती लिफ्टला नको म्हणून नऊ मजले चढली होती. आता तिनेच लिफ्टचं बटण दाबलं, दार उघडलं आणि दोघीही अडलो. वादळात बाबांच्या होडीची वाट बघतानासुद्धा जिच्या तोंडून भीतीचा शब्द मी ऐकला नव्हता, ती म्हणाली, "हात धर माजा. मना भ्या वाटतं."

मी धरला आणि दोघी आत शिरलो. त्या दिवशी कामावर गेले, दुसऱ्या दिवशीही गेले.

अटॅक अजून येतात. आले की आईला फोन लावते आणि तिच्याच शब्दांत सांगते, "मना भ्या वाटतं." ती हातातली मासळी ठेवते, ओसरेपर्यंत फोन कानाला लावून बसते. तेवढा वेळ मी घरी असते.