धर्माकाकांचं नाक

आमच्या लॅबमध्ये 'घटना नोंदवही' नावाची एक जाडजूड वही होती. काही सांडलं, फुटलं, भाजलं की त्यात लिहायचं आणि खाली सही करायची. तेरा वर्षांत तिची पंधरा पानंसुद्धा भरली नाहीत, कारण घटना लिहिली की कारण लिहावं लागतं आणि कारणाखाली कुणाचं तरी नाव. त्यामुळे खरे किस्से सगळे चहाच्या टेबलावर साठत गेले. त्यातले निम्मे एकट्या धर्माकाकांचे. पूर्वी मी ते फार रंगवून सांगायचे. हल्ली सांगते, पण मधेच अडखळते.

लॅब म्हणजे भाईंदर पूर्वेच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला एक गाळा. फरसाण, बिस्किटं, चौक बंदराकडची सुकट, असलं खाण्याचं आम्ही तपासायचो. त्यातलं फॅट काढायला ईथर लागतं. ईथरचा स्वभाव असा की नुसत्या अंगाच्या उबेवर उकळायला लागतं. वाफ डोळ्यांना दिसत नाही. हवेपेक्षा जड, म्हणून वर न जाता टेबलावरून, फरशीवरून सरपटत जाते आणि लांबची आग शोधून काढते. आणि आमच्या गाळ्यात मधे एक प्लायचं पार्टिशन होतं, खालून चार बोटं उघडं. अलीकडे ईथर, पलीकडे बर्नर.

हे चुकीचं आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. लॅबची इनचार्ज मीच होते.

*

धर्माकाका आमचे अटेंडंट. खारी गावातले, घरच्यांनी पिढ्यान् पिढ्या मिठागरं केलेली. मिठागरं गेली, काका आमच्याकडे आले, येताना नाक घेऊन आले. फरसाणाचा पुडा फोडायच्या आधी सांगायचे, "तेल तिसऱ्यांदा तापवलेला हाय." रिपोर्ट दोन दिवसांनी तेच म्हणायचा.

त्यांच्यामुळे आमच्याकडे एक रीत पडली. बर्नर लावणाऱ्याने आधी पार्टिशनपलीकडून विचारायचं, "काका, लावू का?" काका उकिडवे बसायचे, खालच्या फटीपाशी नाक न्यायचे, एक लांब श्वास ओढायचे आणि म्हणायचे, "लाव." कधी म्हणायचे, "थांब." थांब म्हटलं की दारं-खिडक्या उघडून आम्ही सगळे खाली चहाला. काका रजेवर असले की त्या दिवशी बर्नर बंद. हे कुठल्याही पुस्तकात नाही, पण आमच्याकडे कायद्यापेक्षा कडक पाळलं जायचं.

*

श्रुती मीरा रोडहून यायची, नवीनच नोकरीला लागली होती. एके दुपारी काकांनी फ्रिजमधून डबा काढला, झाकण उघडलं आणि तसंच लावलं.

"मॅडम, माज्या बोंबलांना दवाखान्याचा वास येतंय."

फ्रिज घरगुती, आमच्या डब्यांचा. आत पाहिलं तर मागे ईथरची बाटली, बूच सैल. श्रुती म्हणाली, "मॅडम, लेबलवर 'थंड जागी ठेवा' लिहिलंय." लिहिलं होतंच. फक्त घरच्या फ्रिजचा थर्मोस्टॅट दर थोड्या वेळाने आत एक बारीकशी ठिणगी पाडतो, हे लेबलवर लिहीत नाहीत. मी घाईने प्लग काढायला धावले, तर काकांनी माझा हात धरला. प्लग ओढतानाही ठिणगी पडते. ते बाहेर गेले आणि त्यांनी गाळ्याचा मेन स्विच पाडला.

श्रुती रडायला लागली. काका म्हणाले, "रडू नको. तू वाचून तरी ठेवलास. आमची मॅडम न वाचता धावली."

*

एकदा कपाट आवरताना मागच्या रांगेत ईथरची जुनी बाटली निघाली. कुणी, कधी उघडली पत्ता नाही. बुचाभोवती पांढरे खडे. श्रुती बूच पिळणार, एवढ्यात काका तिच्या मागून हळूच बोलले.

"हात काढ. मीठ धरलाय तिना."

त्यांना केमिस्ट्री येत नव्हती. मिठागरातल्या माणसाला एवढंच माहीत होतं की फार दिवस उभ्या राहिलेल्या पाण्यात खडे धरतात. ईथर जुनं झालं की त्यात पेरॉक्साइड धरतं आणि तो खडा नुसता घासला गेला तरी बाटली फुटते, हे मला माहीत होतं. शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. पण कपाटासमोर मी उभी होते आणि पाहिलं त्यांनी. विल्हेवाट लावणारे लोक येईपर्यंत काका दारात स्टूल टाकून बसले. कुणाला आत सोडलं नाही, मालकांनासुद्धा.

त्या दिवसापासून बाटली उघडली की तिच्यावर तारीख टाकायचं काम काकांनी स्वतःकडे घेतलं.

*

मालक जिग्नेशभाई. दसऱ्याला त्यांना मशिनांची पूजा लॅबच्या आत हवी असायची, झेंडूची माळ, नारळ, निरांजन, सगळं साग्रसंगीत. माळ आणि नारळाला काकांची हरकत नव्हती. निरांजन त्यांनी दारातच अडवलं.

"अरे धर्माभाई, एक दिये से क्या होगा? भगवान का है."

"शेठ, देव समजून घेतो. ईथर न्हाय घेत."

शेवटी आरती बाहेर कॉरिडॉरमध्ये झाली. काकांनी एकेक काचेचं भांडं हातात धरून बाहेर आणलं, ओवाळलं आणि परत नेऊन ठेवलं. शेजारच्या गाळ्यातले लोक बघत होते. मी तोंडावर रुमाल धरून हसत होते.

*

आता मी जो किस्सा सर्वात जास्त वेळा सांगितला, तो. आज वाटतं, जीभ आवरायला हवी होती.

ऑडिटर आले होते. पार्टिशनखालची फट बघून त्यांनी विचारलं, "इथे व्हेपर डिटेक्टर कुठे आहे?"

मी काकांकडे बोट दाखवलं. "हा काय. या नाकासाठीच तर ठेवलंय यांना."

सगळे हसले. ऑडिटर हसले, काकाही हसले. तरी ऑडिटरनी अहवालात 'डिटेक्टर बसवा' असं लिहिलंच. तो कागद माझ्या टेबलावर आला, त्यावर मी 'सध्या आवश्यकता नाही' असा शेरा मारला आणि फाइलला लावला. फट बुजवायला सुताराला बोलवायचं होतं, तेही राहिलं.

*

कोविडमध्ये काका महिनाभर घरी होते. परत आले ते वाळून आले होते, पण कामाला तसेच. पलीकडून विचारलं की उकिडवे बसायचे, श्वास ओढायचे, "लाव" म्हणायचे.

एकदा चहाचं दूध नासलं होतं. आम्ही सगळ्यांनी कप बाजूला ठेवले. काकांनी पूर्ण प्यायला. मी म्हटलं, "काका, नाक घरी ठेवून आलात काय?" ते हसले आणि कप विसळायला उठले.

त्यांनी 'थांब' म्हणणं कधी बंद केलं, हे माझ्या लक्षातच आलं नाही. उलट मला वाटायचं, आता आमचं काम किती सुधारलंय.

*

त्या सकाळी काडी मी ओढली. आधी विचारलं होतं. काकांनी वाकून श्वास घेतला होता आणि "लाव" म्हणाले होते.

आवाज असा झाला नाही. निळसर काहीतरी टेबलावरून खाली उतरलं आणि फटीतून पलीकडे गेलं, जिथे काका अजून बसलेलेच होते. त्यांच्या शेजारी ईथरचा भरलेला कॅन. त्यांनी तो दोन्ही हातांनी दाराबाहेर लोटला, तेव्हा त्यांच्या बाह्या पेटलेल्या होत्या. श्रुतीने आग विझवली. मी काडीपेटी हातात धरून उभी होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "वास आला नाही तुम्हाला?"

"दोन वर्सं झाली, कसलाच येत न्हाय."

"काका, मला सांगायचं ना," मी म्हटलं.

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमीच बोलला होता ना मॅडम, नाकासाठी ठेवलाय म्हनून."

नोंदवहीत कारणाच्या रकान्यात मी आधी लिहिलं, 'अटेंडंटला वास न आल्यामुळे.' मग ते खोडलं. 'डिटेक्टर बसवला नाही, फट बुजवली नाही' असं लिहिलं आणि खाली माझं नाव घातलं. त्या वहीत मी लिहिलेलं तेवढंच एक पान खरं आहे.

*

दीड महिन्याने खारीला त्यांच्या घरी गेले. काका ओट्यावर बसले होते, दोन्ही हात बँडेजमध्ये. लॅबमध्ये आता डिटेक्टर लागलाय, मधे पक्की भिंत झालीय, हे मी सांगितलं. "बरा केलाव," म्हणाले. कामावर परत या, तुमची जागा तशीच आहे, असंही म्हटलं. त्यावर त्यांनी काकींना चहा ठेवायला सांगितलं.

काकी आत गेल्या. नेलेली फळं द्यायला मी त्यांच्या मागून गेले. त्यांनी आधी खिडकी उघडली. मग पदर सावरून खाली वाकल्या, सिलिंडरपाशी, शेगडीच्या नळीपाशी नाक नेऊन नीट वास घेतला. उठल्या, काडीपेटी हातात घेतली. माझी नजर त्यांच्या लक्षात आली. तोंड बाहेरच्या ओट्याकडे करून त्यांनी मोठ्याने विचारलं,

"आवं, लावू काय?"

बाहेर काका सरळ बसले. मान उचलून त्यांनी एक लांब श्वास ओढला.

"लाव," म्हणाले.

मग काकींनी काडी ओढली.